हंटर थॉम्पसन वाचायचा तर पुस्तक मागून उघडावे

हंटर एस. थॉम्पसन या अमेरिकन पत्रकाराचे लेखन वाचायला कोठून सुरुवात करावी असे विचारले, की बहुतेक जण ‘फिअर अँड लोदिंग इन लास व्हेगास’ हे एकच नाव घेतात. नाव चुकीचे नाही. पण ते पुस्तक सुटे घेऊन पहिल्या पानापासून वाचू लागणाऱ्या माणसाचा लेखकाविषयी गैरसमज होण्याची शक्यता फार मोठी आहे. म्हणून येथे मी परीक्षणासाठी घेतली आहे ती त्याच पुस्तकाची ‘मॉडर्न लायब्ररी’ने १९९६ मध्ये काढलेली वाढीव आवृत्ती. तिचे पूर्ण नाव ‘फिअर अँड लोदिंग इन लास व्हेगास अँड अदर अमेरिकन स्टोरीज’ असे असून मुख्य मजकुराच्या पाठोपाठ तीत पुस्तकाच्या वेष्टनासाठी लिहिलेले एक टिपण, ‘स्ट्रेंज रम्बलिंग्ज इन अझ्टलान’ हा दीर्घ वृत्तलेख आणि केंटकी डर्बीवरील लेख असे तीन मजकूर जोडलेले आहेत. माझी शिफारस अशी की हा खंड घ्यावा आणि उलट्या क्रमाने, म्हणजे डर्बीपासून व्हेगासकडे, वाचत यावे.

उलटा क्रम हाच खरे तर लेखनाचा कालक्रम आहे. डर्बीचा लेख जून १९७० मध्ये ‘स्कॅनलन्स मंथली’त आला, अझ्टलानचा लेख एप्रिल १९७१ मध्ये ‘रोलिंग स्टोन’मध्ये आला, आणि व्हेगासची कहाणी त्याच वर्षीच्या नोव्हेंबरमध्ये त्याच नियतकालिकात दोन भागांत प्रसिद्ध होऊन १९७२ मध्ये पुस्तकरूपाने निघाली. दीड वर्षाच्या या काळात एक चांगला बातमीदार स्वतःच्या पद्धतीची मोडतोड करीत कोठे जाऊन पोहोचला, ते या क्रमाने वाचले तरच दिसते. मुंबईतले आजचे तरुण वाचक बहुधा व्हेगासच्या पुस्तकावरील १९९८ च्या चित्रपटामार्गे थॉम्पसनकडे येतात आणि टोपी, रंगीत चष्मा व सिगारेट-होल्डर असे एक चित्र मनात घेऊनच पुस्तक उघडतात. मग त्यांना पानोपानी नशाच दिसते, आणि काही प्रकरणांतच कंटाळा येतो. हा कंटाळा मला अगदी रास्त वाटतो, कारण नशेची वर्णने हा त्या पुस्तकाचा सर्वांत कमी टिकाऊ भाग आहे.

लेखकाविषयी थोडक्यात सांगायचे तर तो १९३७ मध्ये केंटकी राज्यातील लुइव्हिल येथे जन्मला, हवाई दलाच्या फ्लॉरिडातील तळावर असताना तेथील वृत्तपत्राचा क्रीडा विभाग सांभाळत लिहायला लागला, आणि पुढे ‘टाइम’मध्ये अगदी खालच्या पायरीवर काम करताना फिट्झगेराल्ड आणि हेमिंग्वे यांची पाने टाइप करून त्यांच्या वाक्यांची लय बोटांत उतरवत राहिला. दक्षिण अमेरिकेतून त्याने ‘नॅशनल ऑब्झर्व्हर’ या साप्ताहिकासाठी वार्तापत्रे पाठवली. आयुष्याचा उत्तरार्ध कोलोरॅडोतील वुडी क्रीक येथे काढून २००५ मध्ये त्याने तेथेच स्वतःवर गोळी झाडून घेतली. त्याच्या मृत्यूभोवती आणि तोफेतून उडवलेल्या रक्षेभोवती पुष्कळ दंतकथा साचली आहे. वाचकाने तिच्यात फार वेळ घालवू नये.

डर्बीचा लेख एका बैठकीत वाचून होतो. लुइव्हिलची घोड्यांची शर्यत हा अमेरिकेच्या दक्षिण भागातील श्रीमंतांचा वार्षिक सोहळा आहे, आणि थॉम्पसन तेथे परका नसून त्याच गावचा मुलगा आहे, ही या लेखाची पहिली गंमत. दुसरी गंमत अशी की सारा लेख शर्यतीविषयी असूनही प्रत्यक्ष शर्यतीला त्यात जेमतेम जागा मिळते. थॉम्पसन आणि त्याच्यासोबत प्रथमच काम करणारा ब्रिटिश चित्रकार राल्फ स्टेडमन हे दोघे त्या गर्दीच्या ऱ्हासाचे प्रतीक ठरेल असा एक चेहरा शोधत तीन दिवस पितात, भटकतात, भांडतात, आणि अखेरीस तो चेहरा त्यांना आरशात सापडतो. महालक्ष्मीला फेब्रुवारीत होणाऱ्या इंडियन डर्बीच्या वेळी सदस्यांच्या कक्षात आणि बाहेरच्या स्टँडमध्ये जाणारी माणसे ज्याने एकदा तरी पाहिली आहेत, त्या मुंबईकराला या लेखाची पार्श्वभूमी समजावून द्यावी लागत नाही. टोपी, पेय आणि कोणत्या दाराने आत सोडले गेले, यावरून माणसाची पायरी ठरण्याचा प्रकार दोन्हीकडे एकच आहे.

या लेखाची घडण मात्र पुन्हा वाचताना नीट पाहावी. अगदी सुरुवातीलाच थॉम्पसन विमानतळावर भेटलेल्या टेक्सासच्या एका माणसाला दंगल होणार असल्याची थाप मारतो आणि आपण थाप मारल्याचे वाचकाला सांगूनही टाकतो. पात्रांशी खोटे बोलणारा, पण वाचकापासून ते खोटे न लपवणारा निवेदक येथे प्रथम उभा राहतो. मुदत टळत आल्यावर त्याने न्यूयॉर्कच्या हॉटेलातून वहीची फाडलेली पाने तशीच संपादकांकडे पाठवली आणि आपण पुरते फसलो अशीच त्याची समजूत होती. प्रत्यक्षात याच लेखामुळे बिल कार्डोसो या पत्रकारमित्राने बातमीदार स्वतःच बातमीच्या मध्यभागी उभा राहतो अशा त्याच्या या शैलीला ‘गोंझो’ हे नाव दिले आणि ते कायमचे चिकटले. पण पाने फाडून पाठवली म्हणून लेख बेशिस्त आहे असे मुळीच नाही. शेवटाकडे मोटारीतल्या रेडिओवरून केंट स्टेट विद्यापीठात युद्धविरोधी निदर्शने करणाऱ्या विद्यार्थ्यांवर झालेल्या गोळीबाराची बातमी ऐकू येते आणि मैदानावरच्या झिंगलेल्या गर्दीला एकाएकी एका देशाची, एका वर्षाची चौकट मिळते. असा शेवट योगायोगाने साधत नाही.

या खंडातील सर्वांत महत्त्वाचा आणि सर्वांत कमी वाचला जाणारा मजकूर म्हणजे अझ्टलानचा लेख. २९ ऑगस्ट १९७० रोजी पूर्व लॉस एंजेलिसमध्ये व्हिएतनाम युद्धाविरुद्ध चिकानोंचा, म्हणजे मेक्सिकन वंशाच्या अमेरिकन नागरिकांचा, मोठा मोर्चा निघाला. (अझ्टलान हे त्यांच्या चळवळीने अमेरिकेच्या नैऋत्य भागाला दिलेले नाव.) पोलिसांनी तो उधळल्यानंतर ‘लॉस एंजेलिस टाइम्स’चा स्तंभलेखक आणि केएमईएक्स या स्पॅनिश दूरचित्रवाणी केंद्राचा वृत्तप्रमुख रुबेन सालाझार सिल्व्हर डॉलर नावाच्या बारमध्ये बसला असताना एका डेप्युटी शेरीफने बाहेरून आत अश्रुधुराचे नळकांडे झाडले. ते डोक्याला लागून सालाझार जागीच मेला. नळकांडे साधे नव्हते, बंद घराच्या भिंती आणि दारे भेदून आत जावे यासाठी बनवलेले होते. पुढे चौकशी झाली, ती दूरचित्रवाणीवरून लोकांना दाखवलीही गेली, आणि खटला मात्र कोणावरच झाला नाही.

थॉम्पसन येथे जे करतो ते कोणत्याही काळातील बातमीदाराने अभ्यासावे असे आहे. अधिकृत खुलासे दिवसागणिक कसे बदलत गेले ते तो एकापुढे एक मांडतो, शस्त्राची माहिती स्वतः मिळवून देतो, साक्षी ताडून पाहतो, आणि वस्तीतल्या ज्या माणसांचा गोऱ्या पत्रकारावर काडीचा विश्वास नाही त्यांच्यात जाऊन बसतो. त्याचा मित्र आणि चळवळीचा वकील ऑस्कर झेटा अकोस्टा याच्या भोवतालच्या लोकांची खात्री होती की सालाझारला ठरवून मारले. तो निष्कर्ष थॉम्पसनच्या सोयीचा होता, त्याच्या वाचकांना आवडणारा होता, आणि तरीही पुरावा तितका पुरत नाही म्हणून तो त्याने स्वीकारला नाही. त्याचा निष्कर्ष अधिक कोरडा आणि अधिक भयंकर आहे: मारण्याची योजना नव्हती, संतापलेल्या पोलिसांनी विनाकारण एक माणूस मारला आणि सारी यंत्रणा त्या कृत्याच्या समर्थनासाठी उभी राहिली. घाटकोपरच्या रमाबाई आंबेडकर नगरात ११ जुलै १९९७ रोजी राज्य राखीव पोलिसांच्या गोळीबारात दहा माणसे मेली, त्यानंतरचे खुलासे आणि गुंडेवार आयोगाचे कामकाज ज्यांनी वृत्तपत्रांतून वाचले आहे, त्यांना या लेखातील अधिकृत भाषा फार ओळखीची वाटेल. नशा, गाड्या आणि आरडाओरडा यांच्या पलीकडे या माणसाला पत्रकारिता येत होती का, अशी शंका ज्यांना असेल त्यांच्यासाठी हा एक लेख पुरेसा आहे.

आता वेष्टनावरचे टिपण, आणि मग व्हेगास. छापील क्रमात टिपण व्हेगासच्या मागून येते, पण ते आधी वाचावे, कारण दोन्ही मजकुरांचा सांधा तेथे आहे. लॉस एंजेलिसमध्ये सालाझार प्रकरणावर काम करताना थॉम्पसनला अकोस्टाशी मोकळेपणाने बोलता येत नव्हते. त्याच्याभोवती सतत कार्यकर्ते असत. तेवढ्यात ‘स्पोर्ट्स इलस्ट्रेटेड’ने लास व्हेगासजवळच्या वाळवंटातील ‘मिंट ४००’ या मोटारसायकल शर्यतीच्या छायाचित्रांखाली अडीचशे शब्द लिहून मागितले, आणि दोघे शहराबाहेर पडण्याचे निमित्त मिळाले. थॉम्पसनने अडीच हजार शब्द पाठवले, नियतकालिकाने ते परत केले, आणि तेथून पुस्तक वाढत गेले. दुसऱ्या फेरीत हेच दोघे अमली पदार्थविरोधी लढ्यासाठी भरलेल्या सरकारी वकिलांच्या परिषदेत जाऊन बसले. म्हणजे अमेरिकेचे सर्वांत उधळे मानले जाणारे हे पुस्तक एका पोलिसी हत्येच्या वृत्तांताच्या फटीतून जन्मले आहे. हे एकदा कळले की त्यातील भीती अमली पदार्थांनी आलेली आहे असे मानता येत नाही. अकोस्टा आणि थॉम्पसन ज्या शहरातून निघून आले तेथील भीती त्यांच्याबरोबर मोटारीतून आली आहे.

पुस्तकाचे आठवे प्रकरण संपताना साठच्या दशकातील सॅन फ्रान्सिस्कोविषयी काही परिच्छेद येतात. सगळे आपोआप जिंकले जाणार आहे अशी त्या पिढीची खात्री कशी होती आणि ती लाट कोठपर्यंत येऊन ओसरली, हे तेथे इतक्या स्वच्छ गद्यात आले आहे की आधीचा सगळा गोंधळ त्यासाठीच रचला होता असे वाटू लागते. ज्यांना पूर्ण पुस्तक झेपणार नाही त्यांनी निदान तेवढे प्रकरण वाचावे.

पुस्तकाचा मोठा दोषही याच ठिकाणी नोंदवला पाहिजे. चिकानो चळवळीचा वकील असलेला अकोस्टा या पुस्तकात डॉ. गोंझो नावाचा एक अगडबंब सामोअन, म्हणजे पॅसिफिकमधील सामोआ बेटांवरचा माणूस, म्हणून येतो. वकिलीवर गदा येऊ नये म्हणून ओळख लपवली, असे त्याचे समर्थन केले जाते. अकोस्टाला स्वतःला वेश बदलण्यापेक्षा वंश बदलण्याचा राग आला होता, आणि प्रकाशनाला संमती देताना त्याने पुस्तकाच्या वेष्टनावर आपले नाव आणि छायाचित्र असावे ही अट घातली. तो १९७४ मध्ये मेक्सिकोत बेपत्ता झाला आणि पुन्हा सापडला नाही. थॉम्पसनची व्हेगासची कहाणी पुस्तकरूपाने निघाली त्याच १९७२ मध्ये मुंबईत दलित पँथर उभी राहत होती, ‘साधना’च्या १५ ऑगस्टच्या अंकातील राजा ढाले यांच्या लेखाने वादळ उठवले होते आणि नामदेव ढसाळ यांचा ‘गोलपिठा’ आला होता. आपली गोष्ट आपणच सांगण्याचा आग्रह धरणारे हे लेखन ज्याच्या वाचनात आहे त्या मराठी वाचकाला अकोस्टाच्या तक्रारीचे वजन वेगळे सांगावे लागणार नाही. अझ्टलानच्या लेखात पूर्ण नावानिशी, पूर्ण बुद्धीनिशी वावरणारा माणूस काही महिन्यांत विनोदी राक्षस होतो, हे लागोपाठ वाचताना बोचते, आणि बोचले पाहिजे. उत्तर व्हेगासमधील उपाहारगृहात तोच डॉ. गोंझो एका वेट्रेसला चाकू दाखवून घाबरवतो आणि निवेदक काही न करता पाहत राहतो, तो प्रसंगही विनोद म्हणून आज वाचता येत नाही. थॉम्पसनच्या जगात स्त्रियांना जागाच फार थोडी आहे.

भाषेविषयी दोन शब्द. वाक्ये लांब असली तरी गुंतागुंतीची नाहीत. अडचण येते ती त्या काळच्या बोलभाषेची, औषधांच्या नावांची आणि राजकीय संदर्भांची. प्रत्येक संदर्भ शोधत बसू नये, ओघात पुढे जावे. मराठी वाचकाला एक सोय मात्र आयती आहे, ती म्हणजे आचार्य अत्रे यांचे गद्य. ‘मराठा’च्या अग्रलेखांतील अतिशयोक्ती, ‘गेल्या दहा हजार वर्षांत’ अशी सुरुवात करून प्रतिपक्षाची केलेली धुलाई, आणि शिव्यांच्या सरबत्तीतही सुटत नसलेली वाक्याची लय हे ज्यांच्या कानात आहे त्यांना अमेरिकेचा अध्यक्ष निक्सन याच्याविषयीच्या थॉम्पसनच्या द्वेषात घरचे काहीतरी सापडेल. अत्रे मात्र व्यासपीठावरून, हजारो श्रोत्यांच्या बळावर बोलत असत. थॉम्पसनच्या पाठीशी कोणीच नाही, आणि हे त्याला ठाऊक असल्याने त्याची अतिशयोक्ती वारंवार स्वतःवरच उलटते.

खंडाच्या बांधणीबद्दल तक्रार नाही. स्टेडमनची शाईचे शिंतोडे उडालेली चित्रे या लेखनाचा अर्धा आवाज आहेत, त्यामुळे छापील प्रतच घ्यावी. मोबाइलच्या पडद्यावर ती केवळ डाग दिसतात. सुट्या पुस्तकापेक्षा हा खंड महाग पडतो. फ्लोरा फाउंटनच्या किंवा माटुंग्याला किंग्ज सर्कलच्या पदपथावर पुस्तके चाळताना हाती येण्याची शक्यता सुट्या व्हेगासचीच अधिक, म्हणून पैसे देण्यापूर्वी अनुक्रमणिका पाहावी. सुटी प्रतच मिळाली तर तिच्या जोडीला ‘द ग्रेट शार्क हंट’ हा १९७९ चा जाडजूड संग्रह शोधावा, कारण डर्बी आणि अझ्टलान हे दोन्ही लेख त्यात आहेत. तो संग्रह सलग वाचण्याचा मात्र नाही. त्याची रचना काळाला धरून नाही, निक्सनला पद सोडायला लावणाऱ्या वॉटरगेट प्रकरणावरील लेखांना बरीच पूर्वमाहिती लागते, आणि ज्या शार्कच्या शिकारीवरून त्याला नाव मिळाले तो लेख मला त्यातला सैल लेख वाटतो.

हा खंड आवडला तर पुढचे पुस्तक ‘हेल्स एंजल्स’ (१९६७) असावे. कॅलिफोर्नियाच्या ॲटर्नी जनरलने १९६५ मध्ये मोटारसायकल टोळ्यांविषयी अहवाल काढला आणि राष्ट्रीय वृत्तपत्रांनी तो फारशी शहानिशा न करता छापला. ‘द नेशन’चे संपादक केरी मॅकविल्यम्स यांनी शंभर डॉलर देऊन थॉम्पसनला त्या विषयावर लिहायला सांगितले, आणि त्या लेखातून हे पुस्तक उभे राहिले. टोळीबरोबर दीर्घकाळ राहून तो एकीकडे अहवालातील आणि बातम्यांतील फुगवटा उघडा पाडतो, तर दुसरीकडे या माणसांच्या क्रौर्यावर रोमँटिक मुलामा चढवणाऱ्या शहरी बुद्धिमंतांनाही सोडत नाही. शेवटी टोळीतल्यांनीच त्याला बेदम मारले, आणि तेही त्याने ताळेबंदाच्या स्वरात लिहिले आहे. निवडणुकांचे वेड असलेल्यांनी, म्हणजे आपल्याकडे बहुतेकांनी, १९७२ च्या अध्यक्षीय निवडणुकीवरचे ‘फिअर अँड लोदिंग ऑन द कॅम्पेन ट्रेल’ त्यानंतर घ्यावे. निक्सन ४९ राज्ये जिंकतो त्या निवडणुकीत त्याचा प्रतिस्पर्धी मॅकगव्हर्न याच्या बाजूने वर्षभर फिरणारा हा बातमीदार आपला पक्षपात लपवत नाही. मॅकगव्हर्नच्याच पक्षातील उमेदवारीचा इच्छुक एडमंड मस्की हा इबोगेन नावाचे विलक्षण औषध घेतो अशी अफवा असल्याचे त्याने लिहिले आणि ती अफवा आपणच पसरवली होती, असे नंतर हसत सांगितले. या प्रकाराचे कौतुक मला करवत नाही; पत्रकारितेचा अभ्यासक्रम करणाऱ्या मुलामुलींनी त्याचे अनुकरण तर मुळीच करू नये. मॅकगव्हर्नच्या प्रचाराची सूत्रे सांभाळणाऱ्या फ्रँक मँकेविट्झने याच पुस्तकाला त्या निवडणुकीचा सर्वांत कमी तथ्यांचा आणि सर्वांत अचूक वृत्तांत म्हटले होते.

पत्रसंग्रह चांगले आहेत, विशेषतः १९५५ ते १९६७ या काळातील पत्रांचा ‘द प्राउड हायवे’. घरभाडे थकलेला, संपादकांना धमक्या देणारा तरुण त्यात भेटतो. ऐंशीच्या दशकापासूनचे स्तंभलेखन पुनरुक्तीने भरलेले असून ते सोडले तरी चालेल. अपवाद एका मृत्युलेखाचा. एप्रिल १९९४ मध्ये निक्सन मेला आणि माजी अध्यक्षांपासून जुन्या विरोधकांपर्यंत सगळे गौरवाची भाषा बोलू लागले, तेव्हा थॉम्पसनने ‘रोलिंग स्टोन’मध्ये लिहिलेला लेख मृतावर जराही दया दाखवत नाही. मरणाबरोबर वैर संपते या शिकवणीत वाढलेल्या आपल्या वाचकाला तो वाचताना अवघडल्यासारखे होईल, मलाही होते. पण निक्सनला मोठा होऊ देण्यात वस्तुनिष्ठतेचा आव आणणाऱ्या पत्रकारितेचाच हात होता, हा त्यातला आरोप खोडून काढणे मला जमलेले नाही. लेख ‘बेटर दॅन सेक्स’ या १९९४ च्या पुस्तकाच्या शेवटी आहे. त्या पुस्तकातील क्लिंटनच्या निवडणुकीवरची बाकी पाने चाळली तरी पुरे.